कोपरगावच्या सुनीलचा हात

१३ जानेवारी

डॉक्टरने दोन आठवडे मोबाईल बघायचा नाही म्हणून सांगितलंय. टीव्ही नाही, गाडी चालवायची नाही, उन्हात हिंडायचं नाही. मेंदूला हादरा बसलाय म्हणे. मग माणसाने करायचं काय? बायकोने, रूपालीने, कपाटातून पतसंस्थेची फुकट मिळालेली डायरी काढून दिली आणि म्हणाली, मनात आहे ते हिच्यात ओका, माझ्यावर नको. पहिल्या चार पानांवर चेअरमन आणि संचालक मंडळाचे फोटो आहेत. सगळे हसतायत. मला त्यांच्याही थोबाडात द्यावीशी वाटते.

तर ओकतो. परवा पुण्यात मला फसवलं. मी जिंकलेली लढत माझ्या हातातून काढून घेतली. लढत म्हणजे पिंजऱ्यातली, जिला पोरं एमएमए म्हणतात. ठोसे, लाथा, पकडी, सगळं चालतं. मला ठोसे येत नाहीत, बत्तीस वर्षांचा झालो तरी आले नाहीत. मला माणूस धरता येतो. धरायचा आणि आवळायचा, एवढंच माझं शिक्षण. समोरच्याला सहन झालं नाही की तो हात मारतो, म्हणजे तळव्याने अंगावर नाहीतर जमिनीवर दोनतीनदा थोपटतो. हात मारला की हरला. त्यात लाज नसते, हातपाय शाबूत राहतात.

समोर कोपरगावचा सुनील होता. दुसऱ्या फेरीत मी त्याच्या पाठीला चिकटलो, पाय त्याच्या कमरेला, उजवा हात त्याच्या गळ्याखाली. दोघं कुशीवर पडलो, तो पुढे, मी मागे. दोन्ही हातांनी तो माझं मनगट ओढत होता, नखं रुतवत होता. गेला होता तो, थोडंच राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, दोनदा हात पडला. मी सोडलं. हात मारल्यावर माणूस सोडतोच. मी उठून हात वर केले, पंचाकडे बघितलं, आणि तो बेइमान वळून उभा राहिला. पुढचं मला आठवत नाही. पुढचं मला लोकांनी सांगितलं.

१५ जानेवारी

रूपाली मेडिकलच्या दुकानात काम करते, त्यामुळे घरात मलमांना तोटा नाही. आज मनगटाला मलम लावताना म्हणाली, मांजरी तरी बरी. वरून चार ओरखडे, खालून चार, अंगठ्यांचे दोन वेगळेच. दहाच्या दहा नखं आहेत म्हणाली. मी म्हटलं, बघ, किती तडफडत होता, आणि म्हणे हरलो नाही.

हिशेब असा की आजवर नऊ जिंकलो आणि नऊ हरलो. जिंकलो ते सगळं धरून, हरलो ते सगळं मार खाऊन. गोव्यात एका मिनिटात जिंकलो तेव्हा लोकांनी खांद्यावर घेतलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीत जबडा निखळला. बंगळूरला वजन उतरलं नाही म्हणून आत जाऊच दिलं नाही. मग गुडघा गेला, त्यात दोन वर्षं गेली. आता कुठे मोठ्या लीगवाल्यांनी सांगितलं होतं, ही एक काढ, मग करारावर बसू. काल रूपालीच्या मोबाईलवरून त्यांना लावला. उचलला नाही.

आप्पांचाही फोन नाही. माझे वडील स्वतः पैलवान, आता श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या पट्ट्यात कुठलीही जत्रा असो, कुस्त्यांना पंच म्हणून भीमाअण्णाच लागतात. माझी पहिली लढत त्यांनी टीव्हीवर बघितली होती. मी पाठीवर पडून खालून समोरच्याचा गळा आवळत होतो. आप्पा उठले, म्हणाले, पाठ लागली, झालं. आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. मी जिंकलो हे सांगायला गेलो तर म्हणाले, पाठीवर पडून कुणी जिंकतं व्हय? त्यानंतर त्यांनी माझी एकही लढत बघितलेली नाही.

१९ जानेवारी

चांदभाई येऊन गेले. सावेडीत टायरच्या दुकानावर त्यांची तालीम आहे. तालीम कसली, गाद्या टाकलेला हॉल. पण नगरमध्ये जमिनीवरच्या पकडी शिकवणारा दुसरा माणूस नाही. दहा वर्षं त्यांच्याकडे घाम गाळतोय.

मला वाटलं, धीर द्यायला आलेत. बसल्या बसल्या म्हणाले, चूक तुझी आहे, पंच ओढून काढेपर्यंत पकड सोडायची नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, त्याने हात मारला. ते म्हणाले, कुठे मारला? मी म्हटलं, पाठीवर. तर हा साठीचा माणूस आमच्या सतरंजीवर आडवा झाला. मला म्हणाले, ये माझ्यामागे, धर गळा. आता मी तुझ्या पाठीवर हात मारून दाखवतो. त्यांनी हात मागे नेला, तो माझ्या डोक्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. "बोल मच्छिंदर, अजून कुठं नेऊ?"

मी म्हटलं, सुनीलचे हात लांब आहेत. चहा घ्या आणि निघा. ते गेले. रूपाली दोन दिवस माझ्याशी धड बोलणार नाही असं दिसतंय. सगळ्यांना मीच दिसतो.

२४ जानेवारी

मोबाईल मिळाला. न मिळता तर बरं झालं असतं. माझा उताणा पडलेला फोटो घेऊन पोरांनी नाही नाही ते केलंय. एकाने खाली लिहिलंय, काका आता शेती बघा. काका.

मी पण गप्प बसणाऱ्यातला नाही. गच्चीवर गेलो, मनगटाचे ओरखडे दाखवले आणि मोबाईलसमोर पाच मिनिटं बोललो. म्हटलं, कोपरगावच्या सुनीलने हात मारला आणि नाकारला. मर्द असेल तर आईची शपथ घेऊन सांगावं. हरण्यात लाज नाही, खोटेपणात आहे. कुस्तीची माती तुला माफ करणार नाही. हे शेवटचं वाक्य आपोआप आलं, फार छान आलं. टाकून दिलं.

३१ जानेवारी

चार लाख लोकांनी बघितलं. माझ्या नऊ जिंकलेल्या लढती मिळून एवढ्या लोकांनी बघितल्या नसतील.

कोपरगावहून बातम्या येतायत. सुनीलचा भाजीचा टेम्पो आहे. तो हॉटेलवर चहाला थांबला की पोरं टेबलावर तीनदा हात मारतात. कुणीतरी टेम्पोच्या दारावर चुन्याने पंजा काढला. पुसला तर दुसऱ्या दिवशी दोन काढले. मी रूपालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुरे आता. मी म्हटलं, करावं तसं भरावं.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज बारीक, मला वाटलं होतं त्यापेक्षा. "पैलवान, मी सुनील. मी हात मारला न्हाई. तुमी का सोडलं ते मला ठावं न्हाई. मला वाटलं, तुमची पकड घसरली. पन मी मारला न्हाई. आई शपथ." मी त्याला जे बोललो ते डायरीतही लिहीत नाही. चोराच्या उलट्या बोंबा. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, बरं. एवढंच. खरा असता तर भांडला नसता का?

१४ फेब्रुवारी

पुण्याची ती लढत ज्याने भरवली तो ओंकार गाडी घेऊन घरी आला. पंचवीस वर्षांचं पोर, गॉगल डोक्यावर, घरातही काढला नाही. म्हणाला, दादा, तुमच्या भांडणाने आग लावलीय. पुन्हा लढत लावू, आणि ती नगरमध्येच. लॉन बुक करतो. दक्षिण नगर विरुद्ध उत्तर नगर, श्रीगोंदा विरुद्ध कोपरगाव. मोठ्या लीगवाल्यांना मी स्वतः घेऊन येतो.

त्याने मोबाईलवर पोस्टर दाखवलं. माझा चेहरा, समोर सुनीलचा, मध्ये एक भलामोठा पंजा, आणि खाली लिहिलंय, ह्या वेळी सुटका नाही. मी लगेच हो म्हणालो. सुनील तयार होईल का विचारलं, तर ओंकार म्हणाला, तो तुमच्याआधी हो म्हणाला, पैशाचं सुद्धा विचारलं नाही.

२ मार्च

सात आठवडे उरले. सकाळी पळतो, दुपारी दोर ओढतो, संध्याकाळी चांदभाईंकडे गादीवर. अंगात आग आहे. आज सरावात शाहरुखचा पाय धरला. शाहरुख आमच्याच तालमीतला, माझ्यापेक्षा जड. त्याने हात मारला, मी सोडला नाही. पुन्हा मारला. चांदभाईंनी येऊन माझी बोटं उलगडली. शाहरुख लंगडत भिंतीला जाऊन बसला. मी म्हटलं, पंचाने सांगेपर्यंत सोडायचं नाही, तुम्हीच म्हणाला होतात.

चांदभाई म्हणाले, ते पिंजऱ्यात. इथे आपली माणसं आहेत. शाहरुख उद्यापासून माझ्याबरोबर सराव करणार नाही म्हणाला. न करो. मला कुणाची गरज नाही.

६ एप्रिल

गावची जत्रा. आई म्हणाली ये, म्हणून गेलो. दुपारी कुस्त्यांचा फड भरला. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या, मग नारळावरच्या, मग मोठ्या. हलगी कडाडत होती, आप्पा फेटा बांधून फडाच्या मधोमध. लोकांनी मला ओळखलं, मोबाईल काढले, आणि दोघातिघांनी टाळी द्यावी तसा हवेत हात मारून दाखवला. बरं वाटलं.

शेवटच्या जोडीतले दोघे पैलवान अर्धा तास एकमेकांत गुंतून पडले होते. निकाल लागेना. मग आप्पा वाकले, वरच्या पैलवानाच्या पाठीवर दोनदा हात ठेवला, आणि दोघं तिथल्या तिथे सैल पडले. बरोबरीत सुटली. मला पटलं नाही. अजून दोन मिनिटं दिली असती तर वरचा जिंकला असता. पण पंचाचा हात पडल्यावर आमच्याकडे कुणी हूं का चूं करत नाही, मी स्वतः दहाव्या वर्षापासून तेच करत आलो.

घरी आल्यावर जेवणं झाली आणि आप्पा आपण होऊन म्हणाले, दाव बरं ते कायतरी, सगळा गाव बोलतोय. माझा विश्वास बसेना. मी मोबाईल लावून दिला. त्यांनी तीनदा बघितलं, मोबाईल नाकाशी धरून. मग चष्मा काढला.

"मग? बराबर हाय की. पंचानं पाठीव हात ठिवला, तू सोडलंस. तालमीतल्या गड्यानं असंच वागाया पायजे. लई बरं वाटलं बघ."

मी म्हटलं, पंचाने नाही आप्पा, सुनीलने. तर म्हणाले, "त्या गड्याचं दोनी हात तुझ्या मनगटाव हायेत की. आन ह्यो पंच तुझ्या मागं वाकलाय, ह्याचा एक हात कुठं गेला? चाळीस वरसं मी त्योच हात ठिवतोय, मला कळत न्हाई व्हय?"

मी समजावलं की ह्या खेळात पंच पाठीवर हात ठेवून थांबवत नाही, तो ओरडतो, अंगावर झेपावतो. आप्पा म्हणाले, मग ठिवला कशापायी? मी मोबाईल हिसकावला आणि न सांगता नगरची वाट धरली. म्हाताऱ्याला डोळ्यांनी धड दिसत नाही आणि मोठा पंच.

७ एप्रिल

पुन्हा पुन्हा बघितलं. चित्र थांबवत थांबवत. सुनीलचे दोन्ही हात माझ्या मनगटावर आहेत, सुरुवातीपासून मी सोडेपर्यंत. पंच सुनीलचं तोंड बघायला वाकतो, त्याचा तोल जातो, आणि त्याचा डावा हात माझ्या मागे जातो. माझ्या खांद्याच्या वर, पंच घालतात त्या निळ्या रबरी हातमोज्याचं टोक दिसतं. मग मी सोडतो, आणि पंच असा बघतो की ह्याने का सोडलं.

काही सिद्ध होत नाही. टोक म्हणजे काय हात नव्हे.

आप्पांचा एवढा राग आलाय की सांगता येत नाही. बत्तीस वर्षांत ह्या माणसाने मला एकदाही बरं वाटलं म्हणून सांगितलं नाही. गोव्यात जिंकलो, एक शब्द नाही. आणि आता म्हणाला ते कशासाठी, तर हरलो त्यासाठी. त्यांनीच लहानपणापासून ती सवय लावली, पाठीवर हात पडला की सोड. कुठल्या कुठे ती सवय उपयोगी पडली. मी सोडलं नसतं तर आज करार हातात असता. दोष कुणाचा?

आणि तो पंच. त्याला तोल सांभाळता येत नाही तर आत कशाला जातो?

१० एप्रिल

चांदभाईंना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दोन रात्री डोळा लागला नाही. ते शांतपणे म्हणाले, मला हेच वाटलं होतं. "आता त्याला फोन कर. आणि गच्चीवर जाऊन ओरडला होतास ना, तसंच जाऊन ओरडून सांग. आजच."

मी आधी ओंकारला लावला. तो हादरला. म्हणाला, दादा, सगळी तिकिटं ह्या भांडणावर गेलीत, आत्ता बोललात तर लोक माझं लॉन पेटवतील. लढत होऊ द्या. तुम्ही जिंका, मग माईक तुमच्या हातात देतो, तिथेच त्याला मिठी मारून सांगा, लोक डोक्यावर घेतील. मला ते बरोबर वाटलं. सांगायचं तर आहेच, नीट सांगावं. हरलेल्याने सांगितलं तर लोक म्हणतील रडतोय.

रूपालीला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, म्हणजे अजून नऊ दिवस तो बेइमान राहणार तर. मी म्हटलं, तीन महिने राहिला, नऊ दिवसांनी काय होतंय?

१८ एप्रिल

वजनं झाली. सुनील पुण्यात होता त्यापेक्षा बारीक दिसला, गाल आत गेलेले. फोटोवाल्यांनी आम्हाला नाकाला नाक लावून उभं केलं. मागे पोरांचा घोळका टाळ्या मारून ओरडत होता, हात मार, हात मार. मी डोळ्यात बघायचा प्रयत्न केला. तो माझ्या कपाळाकडे बघत होता.

खाली उतरताना जिन्यात दोघंच सापडलो. सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तोच आधी बोलला. "पैलवान, उद्या बघा. मी हात मारत नसतो." मला वाटलं, बढाई मारतोय. राग आला आणि जे सांगायचं होतं ते गिळलं.

२० एप्रिल

जिंकलो. हे लिहायला कालपासून तीनदा बसलो.

पहिल्या फेरीत त्याने मला मारलं, नेहमीसारखं. नाकातून रक्त आलं. दुसऱ्या फेरीत त्याने मला खाली पाडलं आणि वरून ठोसे घालू लागला. मला हवं होतं तेच. मी पाठीवर होतो. त्याचा डावा हात लांब आला, मी मनगट धरलं, कंबर फिरवली, पाय त्याच्या मानेवरून टाकला. हात सरळ झाला. कोपर माझ्या मांड्यांमध्ये. ह्यातून आजवर माझ्या हातून कुणी सुटलेलं नाही. आता फक्त कंबर वर उचलायची, की हात मारतो.

मी थोडी उचलली. तो मारेना. लॉनवर पाच हजार माणसं टाळ्या मारत एका सुरात ओरडत होती, हात मार. मी दात आवळून म्हटलं, मार ना. त्याचं तोंड माझ्या पोटरीखाली होतं, डोळे दिसत होते. तो म्हणाला, "न्हाई." मी अजून उचलली. त्याचा उजवा हात मोकळा होता. अगदी मोकळा. माझ्या मांडीपासून वीतभर. त्याने त्या हाताची मूठ वळली आणि स्वतःच्या छातीखाली दाबून धरली, चुकूनसुद्धा कुठे लागू नये म्हणून.

तेव्हा मला कळलं. तो का मारत नाही ते कळलं, आणि ते माझ्यामुळे आहे हेही कळलं. इथे लिहितो, कारण हे दुसरं कुणी लिहिणार नाही. मी तेव्हा सोडू शकलो असतो. पकड नुसती धरून पंचाला हाक मारू शकलो असतो. मला राग आला. माझ्यासमोर खरा ठरायला बघतोय ह्याचा राग आला. मी कंबर पूर्ण उचलली.

आवाज मला ऐकू आला नाही, मांडीत जाणवला. पंच अंगावर पडला. सुनील ओरडला नाही. त्याचं कोपर भलत्याच बाजूला वळलं होतं आणि उजव्या हाताची मूठ अजून छातीखालीच होती.

ओंकारने माईक दिला. मी म्हटलं, धन्यवाद. आणि माईक परत त्याच्या हातात दिला.

२२ एप्रिल

दवाखान्यात गेलो. दोन सळ्या टाकल्यात. डावा हात, म्हणजे गिअरचा. डॉक्टर म्हणतात, पूर्ण सरळ होईल असं सांगता येत नाही.

त्याची आई, राहीबाई, उशाशी बसली होती. स्टुलावरचा डबा उचलून तिने मला बसायला जागा केली. मग सुनील म्हणाला, आई, हे मच्छिंद्र पैलवान. तिने डबा परत स्टुलावर ठेवला. मी उभाच राहिलो आणि सगळं सांगितलं. पंचाचा हात, आप्पा, निळा हातमोजा, सगळं. सुनील ऐकत होता. मग त्याने विचारलं, हे तुमाला कवा कळलं? मी म्हटलं, गावच्या जत्रेत, पंधरा दिवसांपूर्वी. त्याने हिशेब केला असावा. म्हणाला, "म्हंजी जिन्यात भेटलो तवा ठावं हुतं."

राहीबाई तेव्हा बोलली. मला नाही, लेकाला. म्हणाली, आन तू म्हनत हुतास, पैलवान मानूस हाय, चुकून बोलला असंल.

२३ एप्रिल

गच्चीवर गेलो आणि बोललो. काही राखून ठेवलं नाही. सुनीलने पुण्यात हात मारला नाही. मी चुकलो, पंचाचा हात लागला तो मला कळला नाही. मला हे लढतीच्या आधी माहीत होतं आणि मी लपवलं. त्याचा हात मी मोडला. ओंकारने फोन करून शिव्या दिल्या, मी त्याच्या दुप्पट दिल्या. रूपालीने बघितलं आणि म्हणाली, आता जेवा.

२६ एप्रिल

नऊ लाख. लोक काय लिहितायत ते वाचून मला मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटतोय. मन मोठं लागतं दादा. जिंकूनसुद्धा समोरच्याची लाज झाकली. याला म्हणतात पैलवान. एकाने लिहिलंय, ज्याने हात मारून नाकारला त्याचासुद्धा मान राखला, श्रीगोंद्याचं पाणीच वेगळं. मी एकेकाला उत्तर देत बसलो. अरे मी खरं सांगतोय, त्याने मारला नव्हता. त्याखाली लोक हात जोडतायत. जेवढं नाही म्हणतो तेवढे जास्त जोडतायत.

पतसंस्थेच्या चेअरमनचा फोन आला. खिलाडूवृत्तीबद्दल एक मे रोजी जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नीट ऐकलं का मी काय बोललो? ते म्हणाले, ऐकलं म्हणून तर. मोठ्या लीगवाल्यांचाही फोन आला. त्यांना गोष्ट फार आवडली. करार पाठवतायत.

आप्पांना सांगितलं की सुनीलचा हात मोडला. ते म्हणाले, पंचानं हात ठिवला न्हाई का? मी म्हटलं, नाही. त्यांनी फोन आईकडे दिला.

२८ एप्रिल

चेअरमनला आणि लीगवाल्यांना नाही म्हणून कळवलं. चेअरमन म्हणाले, विनय असावा तर असा. हे ते आता सगळीकडे सांगणार.

चांदभाईंना घेऊन ओंकारकडून त्या लढतीचं मूळ चित्रण मिळवायचं, हातमोजा मोठा करून दाखवायचा, त्या पंचालाच बोलायला लावायचं, असं ठरवलं आणि आधी सुनीलला फोन केला. तो घरी आलाय. मागे टेम्पोचा आवाज होता, दुसरं कुणीतरी चालवत होतं. मी त्याला म्हटलं, उद्या पुन्हा बोलतो, ह्या वेळी पुरावा दाखवतो, लोकांना ऐकावंच लागेल.

तो म्हणाला, "नगं. आज बाजारात एक मानूस मला म्हनला, नशीब काढलंस, त्या पैलवानानं तुला वाचिवलं. आता गप ऱ्हावा, पैलवान. तुमी जेवढं बोलताय तेवढा मी खोटा पडतोय."